शाळा मोजायची की गाव?

दरवर्षी शिष्यवृत्तीचा किंवा एनएमएमएसचा (आठवीतल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा) निकाल लागला की तालुक्यातालुक्यांत याद्या फिरू लागतात. कुठल्या जिल्हा परिषद शाळेची किती मुलं पात्र ठरली, कुठलं केंद्र, म्हणजे शेजारच्या शाळांचा गट, पहिलं आलं, कुठल्या शाळेनं खातंच उघडलं नाही. पहिल्या शाळेच्या गावात फ्लेक्स लागतो, शेवटच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला गटशिक्षणाधिकारी बोलावून घेतात आणि मग ठरलेला वाद सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं, यादी आणखी लांबवा. प्रत्येक शाळेला क्रमांक द्या, तळाच्या शाळा बंद करा, गुरुजींचा पगार निकालाला बांधा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, शिक्षण ही मोजायची गोष्टच नव्हे, शाळाशाळांची तुलना हाच मुळात अन्याय. वाद जुना आहे आणि वर्षानुवर्षं तितक्याच वाईट रीतीनं घातला जातो आहे. माझं म्हणणं असं की तुलना झालीच पाहिजे, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांची सर्वांत आधी झाली पाहिजे. पण आज जिला आपण तुलना म्हणतो तिच्यात शाळा मोजलीच जात नाही. गावाला पाणी किती, डांबरी रस्ता कुठपर्यंत आणि दिवाळीनंतर गावातून ऊसतोडीला किती कोयते बाहेर पडतात, एवढंच त्या यादीत उतरतं.

सहावी ते आठवीच का? कारण दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी या वर्गांची गत आहे. एके काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल ही खेड्यातली सर्वांत मोठी परीक्षा होती. ती पास झालेला मुलगा मास्तर होई, तलाठी होई. पुढे पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी विभागणी रुळली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं ती मोडून पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे गट केले, पण इमारती, पदं आणि सवयी जुन्याच राहिल्या. आजही अनुदानित हायस्कूल पाचवीपासून भरतं आणि जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला, कुठे पाचवीला, कुठे सातवीला, तर कुठे आठवीला संपते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्हीकडचे शिक्षक एकाच मुलाच्या दारात उभे असतात, एक दप्तर घेऊन, दुसरा गणवेश घेऊन, कारण पट गेला तर पद जातं. खालच्या वर्गांकडे निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेमुळे शासनाचं लक्ष आहे. दहावीकडे बोर्डामुळे अख्ख्या गावाचं. मधल्या तीन वर्षांकडे कोण बघतं? असर या बिगरसरकारी शिक्षण-अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. म्हणजे चौथीत यायला हवं ते आठवीपर्यंतही येत नाही, आणि मधल्या चार वर्षांत कुणी हटकलेलं नाही.

तुलना मागणाऱ्यांची बाजू मी हलकी लेखणार नाही. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा असा की पालक तुलना करतातच. पिवळी बस गावात येते, टाय लावलेली पोरं तीत चढतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट एका जूनमध्ये निम्म्यावर येतो. त्या इंग्रजी शाळेत सहावीच्या मुलाला गणित येतं की नाही हे त्या बापाला ठाऊक नसतं. त्याला बस दिसते, टाय दिसतो, फी दिसते. माहिती नसली की माणूस खुणांवर निर्णय घेतो, आणि खुणा विकत घेता येतात. ज्याचा मेहुणा शिक्षक आहे किंवा ज्याची पंचायत समितीत ओळख आहे, त्याला कुठल्या शाळेतले गुरुजी शिकवतात आणि कुठले नुसते कागद भरतात हे बरोबर माहीत असतं. तुलनेला विरोध करणारे समतेची भाषा बोलतात, पण माहिती झाकून ठेवली की ती फक्त ओळखीपाळखीच्या लोकांपुरती उरते. शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत असं सांगितलं. त्या समितीपुढे शेजारच्या चार शाळांची स्थिती कधी ठेवली जाते का? नाही. मग ती समिती मुख्याध्यापक सांगतील तिथे सही आणि अंगठा करण्यापलीकडे काय करणार? आणि शिक्षकांचंच बघा. संध्याकाळी सहापर्यंत थांबून अपूर्णांक पक्के करून घेणारी बाई आणि साडेदहाला येऊन चारला मोटारसायकल वळवणारा गृहस्थ, दोघांचा पगार एक, वेतनवाढ एक. त्या बाईंचं काम कुठेच नोंदलं जात नाही, ही तक्रार खोटी म्हणता येईल?

आता दुसरी बाजू. आकड्याला पैसा किंवा पद लटकवलं की आकडा सडतो, हा त्यांचा मुद्दा इतिहासानं पुन्हापुन्हा खरा करून दाखवला आहे. १८६२ साली इंग्लंडमध्ये शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांनी शाळांचं अनुदान हजेरीला आणि वाचन, लेखन, अंकगणिताच्या परीक्षेला बांधलं. इन्स्पेक्टर यायचा, मुलामुलाला तपासायचा, आणि नापास मुलामागे शाळेचे पैसे कापले जायचे. परिणाम काय झाला? मुलं वाचनाचं पुस्तकच पाठ करून घडाघडा म्हणू लागली आणि परीक्षेत नसलेले विषय वर्गाबाहेर गेले. ती पद्धत पुरती मोडीत निघायला १८९० चं दशक उजाडावं लागलं. इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडे अनुदान, शिक्षकांची पदं आणि पोषण आहाराचा तांदूळ पटाला बांधलेला होता, तेव्हा पट फुगला. नांदेड जिल्ह्यात आधी प्रयोग झाला आणि मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो मुलं केवळ हजेरीपत्रकावर शिकत असल्याचं उघड झालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहराचा चौकशी अहवाल आला. तिथे शाळांचं भवितव्य चाचणीच्या गुणांवर ठरत होतं, म्हणून ४४ शाळांत शिक्षक-मुख्याध्यापकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या होत्या. १७८ जणांची नावं त्या अहवालात आली. आपण मुलं बनावट केली, त्यांनी उत्तरं. पळसाला पानं तीनच.

पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? शिक्षक संघटनांचे पुढारी म्हणतात, म्हणून मोजूच नका. मी २०११ ची गोष्ट त्यांच्याच समोर ठेवतो. खोटा पट कशानं उघड झाला? मोजण्यानंच. फरक एवढाच की या वेळी मोजणारा माणूस त्या शाळेचा नव्हता आणि मोजल्याबद्दल त्याला काही मिळणार नव्हतं. तेव्हा प्रश्न मोजावं की नाही हा नाही. कोण मोजतं, काय मोजतं आणि मोजून झाल्यावर काय करतं, हे तीन प्रश्न आहेत. तिन्हींची आजची उत्तरं चुकीची आहेत.

काय मोजतो यापासून सुरुवात करू, आणि त्यासाठी बीड जिल्ह्यात जाऊ. आष्टी तालुक्यात कड्यासारखं बाजारपेठेचं गाव आहे आणि त्याच तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरकडेला वाड्या आणि तांडे आहेत. कागदावर दोन्हीकडच्या शाळा एका गटशिक्षणाधिकाऱ्याच्या हाताखाली, एकाच अभ्यासक्रमाच्या, एकाच परीक्षेच्या. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की डोंगरकडेच्या गावांत ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी सामानसुमान बांधून कोल्हापूर, सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात निघतात. सहावी-सातवीतलं मूल या वयात दोन्हीकडे उपयोगी असतं. मुलगा मोळ्या बांधायला हात लावतो; मुलगी खोपीवर राहून धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, भाकरी करते. पहिलीतल्या मुलाला आजीजवळ ठेवता येतं, बारा-तेरा वर्षांच्या मुलीला एकटं ठेवायला आईबाप धजत नाहीत, आणि त्या भीतीचा शेवट पुष्कळदा तिच्या लग्नात होतो. परततात ती पाडव्याच्या आसपास किंवा त्यानंतर, कारखान्याचं गाळप संपून पट्टा पडला की. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष गेलं. जाताना मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि कारखान्याजवळच्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं, अशी सोय कागदावर आहे. समजा बसवून घेतलं. एप्रिलच्या संकलित चाचणीत ते मूल भागाकार चुकलं, तर तो भागाकार कुणाच्या खात्यावर मांडायचा? आष्टीच्या, की जिथे ते तीन महिने मागच्या बाकावर बसलं त्या शिरोळच्या?

आणि इथेच आजच्या यादीचा उफराटा न्याय दिसतो. समजा एका तांड्यावरच्या शाळेतले गुरुजी आणि बाई दिवाळीआधी घरोघर गेले, आईबापांच्या पाया पडले, हंगामी वसतिगृह चालवलं आणि जाणाऱ्या पोरांपैकी निम्मी गावात ठेवून घेतली. ही मुलं बहुधा कच्ची असतात, कारण मागची तीन वर्षं त्यांनी अर्धीच शाळा बघितलेली असते. ती वर्गात राहिली की वर्गाची सरासरी खाली येते. शेजारच्या शाळेनं काहीच केलं नाही. मुलं गेली, परीक्षेला फक्त बागायतदारांची चार पोरं बसली, शाळेची सरासरी उंचावली. यादीत दुसरी शाळा वर, पहिली खाली. ज्यानं मूल वाचवलं त्याला नोटीस, ज्यानं सोडून दिलं त्याला गुलाबपुष्प! या हिशेबात मुलाला शाळेबाहेर ढकलणं हाच निकाल सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात बसवणं आलं आहे, त्यामुळे हा मोह वाढणारच.

शिवाय गळतीचा दुसरा, उलटा प्रकार आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली. देशातल्या पहिल्या दोनांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यातलं. पाचवीच्या मुलांची परीक्षा घेऊन सहावीसाठी ८० पर्यंत मुलं निवडली जातात, त्यातली बहुतेक ग्रामीण भागातली. योजना चांगलीच आहे. कित्येक शेतमजुरांची मुलं तिच्यामुळे कुठच्या कुठे पोचली. पण ज्या बाईंनी पाचवीत जीव ओतून दोन मुलं नवोदयला पाठवली, त्यांच्या शाळेच्या सहावीतून तीच दोन मुलं वजा झाली. त्यानंतर हायस्कूलनं आपली निवड केली, मग पिवळ्या बसनं केली. उरलेल्यांवरून त्या शाळेचं आठवीचं काम जोखायचं? त्यात वर्ग किती मोठा, हेही बघा. आठवीत नऊ मुलं असतील तर एक कुटुंब गावी आलं किंवा गेलं की टक्केवारी दहा-अकरानं हलते. कुठल्याही तालुक्याची यादी काढा, अगदी वर आणि अगदी तळाला लहान शाळाच जास्त सापडतील, आणि पुढच्या वर्षी त्यांनी जागा बदललेल्या असतील. वरच्याचं कौतुक आणि खालच्याचा धिक्कार करणारे अधिकारी पुष्कळदा निव्वळ योगायोगाला हार घालत असतात. जे लोक असरचा किंवा केंद्राच्या परख सर्वेक्षणाचा जिल्ह्याचा आकडा दाखवून एखाद्या शाळेला झोडपतात, त्यांची तर आणखीच गफलत. त्या नमुना पाहण्या आहेत. असरवाले जिल्ह्यात तीस गावं आणि गावात वीस घरं घेऊन घरी जाऊन मुलं तपासतात. त्यावरून जिल्ह्याचा अंदाज येतो, अमुक वाडीच्या शाळेबद्दल त्यात एक अक्षर नसतं.

मग शासन काय मोजतं? 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानाचा दुसरा टप्पा १५० गुणांचा होता. पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. म्हणजे मुलांना काय आलं यापेक्षा शाळेनं शासनाचं किती ऐकलं याला पावणेदोन पट वजन. सुविधांना गुण असावेत, याला माझा विरोध नाही. पाणी असलेलं आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह नसलं की सातवी-आठवीतली मुलगी महिन्यातले चार दिवस घरी बसते. ते स्वच्छतागृह हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे असं मी म्हणेन. पण राज्यात पहिलं येणाऱ्या शाळेला लाखांत बक्षीस ठेवलं की रंगरंगोटीला, परसबागेला आणि फोटो अपलोड करण्याला किती तास जातात, हे कुठल्याही शिक्षकाला खासगीत विचारा. दहा वर्षांपूर्वी आयएसओ प्रमाणपत्रांची अशीच लाट आली होती. लोकवर्गणीतून भिंती रंगल्या, प्रमाणपत्रं चौकटीत बसली. त्या चौकटीखाली बसलेल्या सहावीच्या मुलाला सलग वाचता येत होतं का, हे त्या प्रमाणपत्रात विचारलेलंच नव्हतं.

तुलनेचा खरा धसका मात्र तिच्या पुढच्या पावलाचा आहे, आणि तो अनाठायी नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा 'गुणवत्ता' हे कारण सांगून बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांची, म्हणजे अशा लहान शाळा एकत्र करण्याची, कल्पना आली. अशा जवळपास पंधरा हजार शाळा आणि त्यांत पावणेदोन लाखांहून जास्त मुलं. पाठोपाठ १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा, निर्णय आला. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर नियमित शिक्षकाचं पदच नाही, असा त्याचा अर्थ निघाला आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. कायदा सांगतो की या वर्गांसाठी विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक, म्हणजे तीन शिक्षक हवेत. निर्णय सांगतो शून्य. अशा वेळी कुणी 'गुणवत्तेची तुलना' म्हणालं की गाव घाबरणारच.

तरीही एकत्रीकरणवाल्यांचा मुद्दा तोंडावर फेकून देण्याजोगा नाही. तीन इयत्तांत मिळून अकरा मुलं, एक शिक्षक, तोच इंग्रजी शिकवणार, तोच बीजगणित, तोच विद्युतचुंबक, वर बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, कामही त्याच्याकडेच. ही चांगली शाळा आहे असं म्हणणं हा भाबडेपणा झाला. मुलांना बरोबरीची मुलं लागतात, कबड्डीला सात गडी लागतात, प्रयोगाला साहित्य लागतं. कोठारी आयोगानं साठच्या दशकातच शेजारच्या शाळांनी एकमेकींची साधनं आणि शिक्षक वाटून घ्यावेत असं सुचवलं होतं, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीच कल्पना नव्यानं मांडली. माझा आक्षेप क्रमाला आहे. या वर्गांची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी असं नियम सांगतो, पण सह्याद्रीच्या कुशीत ते तीन किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात ओढे आणि निसरड्या पायवाटा. पानशेतच्या धरणाच्या पाण्याकाठी किंवा सातपुड्यात तोरणमाळच्या डोंगरात नकाशावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर यांचा मेळ बसत नाही. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस धावतात, आठवीपुढच्या मुलींना सायकली मिळतात; म्हणजे वाहतूक करणं शासनाला जमतं. मग आधी दोन वर्षं बस चालवून दाखवा, एकही मुलगी गळाली नाही हे दाखवा आणि मग कुलपाला हात घाला. आजवर कुलूप आधी लागलं आहे आणि बस वरातीमागून.

इथे कुणीतरी हमखास विचारतं की मग त्या शाळांना कसं जमलं? परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला २०२० मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला, वाबळेवाडीत प्रवेशासाठी रांगा लागल्या, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरनं २०२५ मध्ये लोकांच्या मतांवर जगातला सन्मान आणला. त्यांना जमतं, तुम्हाला नाही, म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं! या शाळांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि सरकारी शाळा चांगली होऊच शकत नाही या समजाला त्यांनी दिलेलं उत्तर मोलाचं आहे. पण वाबळेवाडी शिक्रापूरच्या औद्योगिक पट्ट्याजवळ आहे. गावानं जमीन दिली, कंपन्यांचा निधी आला, आणि रांगेत उभे राहिलेले पालक हे आधीच मुलाच्या शिक्षणासाठी झगडणारे पालक होते. तांड्यावर ना कंपनी, ना रांग. शिवाय राज्यातल्या साठ हजारांच्या घरातल्या जिल्हा परिषद शाळांची व्यवस्था झपाटलेल्या माणसांवर चालवता येत नाही. चांगल्या धोरणाची कसोटी हीच की साधारण कुवतीचा, घरी दोन मुलं आणि कर्जाचा हप्ता असलेला शिक्षकही तिथे बऱ्यापैकी शिकवू शकला पाहिजे.

मग तुलना कशी करायची? १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळांच्या देखरेखीवर नेमकं बोट ठेवलं होतं. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्यानं फारसं काही साधत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी आणि मध्येमध्ये न कळवता भेट द्यावी, असं त्यांचं म्हणणं. गावातल्या आणि जिल्ह्यातल्या अंमलदारांवर याबाबत विसंबू नये, कारण त्यांच्यामागे कामं फार, हेही त्यांनीच सांगून ठेवलं. आज केंद्रप्रमुखांची पदं जागोजाग रिकामी आहेत आणि जे आहेत ते माहितीचे तक्ते गोळा करण्यात बुडालेले आहेत. एकशेचाळीस वर्षांत आपण कुठवर आलो?

साधन नाही असंही नाही. २०२३ पासून नियतकालिक मूल्यांकनाच्या चाचण्या सुरू आहेत: वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत, मग संकलित एक आणि दोन, भाषा, गणित, इंग्रजी. तेच मूल जुलै-ऑगस्टमध्ये कुठे होतं आणि एप्रिलमध्ये कुठे पोचलं, हा फरक त्यातून काढता येतो. शाळेचं काम दिसतं ते या फरकात. शून्यावरून तिसरीच्या पातळीला आणलेलं मूल सरासरीत नापास दिसतं, पण शाळेनं त्याच्यासाठी जे केलं ते सातवीत आयतं हुशार आलेल्या मुलासाठी क्वचितच कुणी केलेलं असतं. अडचण एकच आणि मोठी आहे: पेपर तपासतो तोच शिक्षक, गुण भरतो तोच शिक्षक. तेव्हा प्रत्येक केंद्रातल्या काही उत्तरपत्रिका चिठ्ठी टाकून निवडाव्यात आणि दुसऱ्या केंद्राच्या शिक्षकांनी तपासाव्यात. खोट्याला आळा घालायला तेवढा धाक पुरतो. आणि मोजताना बाकावर बसलेली मुलं धरू नयेत. गावातली अकरा ते चौदा वर्षांची सगळी मुलं धरावीत: इथे किती, हायस्कूलला किती, ऊसतोडीला किती, लग्न होऊन गेलेल्या किती. मग मूल सोडून देणारी शाळा वर चढणार नाही. स्थलांतराच्या गावची शाळा स्थलांतराच्याच गावच्या शाळेशेजारी मांडावी, कड्याशेजारी नाही.

यावर आक्षेप येतो की हे फार गुंतागुंतीचं झालं, लोकांना एक आकडा लागतो. कुणी सांगितलं? आष्टीतला दूधवाला डेअरीवर फॅट वेगळा वाचतो, एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) वेगळा वाचतो आणि दोन्हींत गडबड झाली तर भांडतोही. तोच माणूस शाळेचे चार रकाने वाचू शकत नाही, हे त्याच्या वतीनं मंत्रालयात बसून कुणी ठरवलं? एक आकडा लोकांना लागत नाही; तो बक्षीस देणाऱ्याला आणि नोटीस काढणाऱ्याला लागतो, कारण त्याला निर्णय पटकन उरकायचा असतो.

या रकान्यांच्या आधी आणखी एक रकाना लागेल, आणि तो शाळेचा नसेल, शासनाचा असेल: सहावी ते आठवीसाठी मंजूर पदं किती, भरलेली किती, विज्ञानाचा पदवीधर शिक्षक किती दिवस होता, तो किती दिवस निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला बाहेर होता. २०१२ नंतर काही वर्षं शिक्षकभरती जवळपास बंद होती. त्या वर्षांत सहावीत गेलेल्या मुलांचा हिशेब कुठल्या मुख्याध्यापकाकडे मागायचा? 'शाळा असमान आहेत, त्यांना एका मापानं मोजता येत नाही' हे शासनाला कळत नाही असंही नाही. २०१७ च्या बदली धोरणात त्यानं स्वतःच जिल्ह्याजिल्ह्यातल्या शाळा तपासून 'अवघड क्षेत्र' आणि 'सर्वसाधारण क्षेत्र' अशा याद्या केल्या, आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढलेल्या शिक्षकाला तिथून बाहेर पडण्याचा हक्क दिला. शिक्षकाच्या दृष्टीनं तो न्याय्यच आहे. पण तीन वर्षं म्हणजे बरोबर सहावी, सातवी, आठवी. शिक्षकाला गाव चांगलं समजू लागलं की तो निघून जातो आणि त्या शाळेत पुन्हा नवा माणूस येतो, किंवा येतच नाही. बदलीच्या वेळी जी शाळा अवघड, ती गुणांच्या यादीत मात्र बाजारपेठेच्या शाळेसारखीच सोपी धरली जाते. अवघड क्षेत्राची ती यादी प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात आहे, चाचण्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्र या शासनाच्या माहिती-कक्षात आहेत, रिक्त पदांचा तक्ता संचमान्यतेत आहे. तिन्ही कागद एकत्र लावून तालुक्याची यादी काढावी, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचावी आणि तळाच्या शाळांना सर्वांत आधी विज्ञानाचा शिक्षक द्यावा, त्याला पाच वर्षं तिथे राहावंसं वाटेल इतका भत्ता आणि घरभाडं देऊन. संघटना भत्त्याला हो म्हणतील आणि परक्या केंद्राकडून होणाऱ्या तपासणीला नाही. यादीवाले तपासणीला हो म्हणतील आणि भत्त्याला नाही. दोघांनाही दोन्ही गोष्टी एकदमच घ्याव्या लागतील.